दोन विमानांमधील तारापूर

बेळगावच्या एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर गेली तीस वर्षे येणाऱ्या बिलांवर एक पत्ता ठरलेला असे : औद्योगिक वसाहत, तारापूर, बोईसर, जिल्हा ठाणे. २०१४ नंतर त्यात ‘ठाणे’च्या जागी ‘पालघर’ आले, एवढाच काय तो फरक. माल वेळेवर येत होता, रंग पक्का होता, हिशेब चोख होता. त्यामुळे ते गाव प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंग कधी आला नाही. मुलाने मात्र लंडनच्या प्रवासाची तिकिटे काढली, तेव्हा बेळगावहून येणारे विमान आणि लंडनला जाणारे विमान यांच्यामध्ये मुंबईत चौदा तासांचे अंतर पडले. सकाळी आठला उतरायचे आणि रात्री दहानंतर निघायचे. विमानतळावर खुर्चीत बसून एवढा वेळ काढणे साठीच्या पुढच्या दांपत्याला अवघडच होते.

अशा मधल्या वेळात खासगी मोटार घेऊन शहर पाहण्याची सोय आता सर्वत्र झाली आहे. सिंगापूरचा विमानतळ तर थांबलेल्या प्रवाशांना विनामूल्य नगरदर्शन घडवतो. मुंबईतील फेरीचा मार्गही जवळजवळ ठरलेला आहे : गेटवे ऑफ इंडिया, मरीन ड्राइव्ह, धोबीघाट आणि वाळकेश्वरचे आदीश्वर मंदिर. मुलाने तीच फेरी सुचवली. वडिलांनी मोटार ठरवली, पण दिशा बदलली. दक्षिणेकडे न जाता उत्तरेकडे जायचे, पालघर पाहायचे, बोईसर पाहायचे आणि तारापूरच्या समुद्रावरून मागे फिरायचे. आयुष्यभर बिलावर वाचलेले गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा.

त्यासाठी हिशेब मात्र व्यापाऱ्यालाच शोभेल असा मांडावा लागला. आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचे, म्हणजे सातपर्यंत परत पोहोचायचे. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दोघांचा चौविहाराचा नियम, म्हणून साडेपाचच्या आत जेवण उरकायचे. मोठे सामान विमानतळावरील सामानघरात ठेवले. बरोबर घेतल्या त्या घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. दोघेही भारतीय नागरिक असल्याने बाहेर पडण्यास काही अडचण नव्हती. ज्यांची मुले परदेशी पारपत्रावर प्रवास करतात, त्यांच्याजवळ मात्र भारताचा व्हिसा किंवा ओसीआय कार्ड नसेल, तर अशा वेळी विमानतळाबाहेर पडता येत नाही. हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

मोटार पश्चिम द्रुतगती मार्गाने निघाली. बोरिवली, दहिसर मागे पडले, वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडला आणि अहमदाबादकडे जाणारा महामार्ग सुरू झाला. शिरसाडजवळ महावीर धामाचे शिखर दिसताच दोघांनी गाडीतूनच हात जोडले. परतीचे जेवण येथील भोजनशाळेत घ्यायचे, असे तेव्हाच ठरले. चालक बोईसरकडचा तरुण होता, घराणे मच्छीमारांचे. “काका, मनोरला डावीकडे वळलो की खरा पालघर जिल्हा दिसेल,” तो म्हणाला.

मनोर सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. मासवणजवळ सूर्या नदी लागली, पुढे साग आणि बांबूचे रान, आणि पालघरच्या अलीकडे वाघोबाची खिंड. येथे वाघोबाचे देऊळ आहे. वारली समाज वाघाला देव मानतो. ज्या प्राण्यापासून भय, त्याच्याशी वैर न धरता त्याला देवत्व द्यायचे आणि त्याच्या रानात आपण मर्यादेने राहायचे, हा या डोंगराळ भागाचा जुना करार आहे. त्यांनी कोणताही आगम वाचलेला नाही, पण ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ या सूत्राचा अर्थ येथे निराळा समजावून सांगावा लागत नाही. काकू खिंडीत क्षणभर उतरल्या, तेव्हा चालकाने त्यांना माकडांपासून दशम्यांचा डबा जपण्याची सूचना तेवढी केली.

पालघर हे १ ऑगस्ट २०१४ रोजी महाराष्ट्राचा ३६वा जिल्हा झाले. कोळगावला जिल्ह्याची नवी प्रशस्त कार्यालये उभी राहिली आहेत. जुने गाव मात्र स्टेशनभोवतीच दाटलेले आहे. गावातील हुतात्मा स्तंभ १४ ऑगस्ट १९४२ या दिवसाची आठवण करून देतो. ‘चले जाव’च्या घोषणा देत आसपासच्या खेड्यांतून लोक कचेरीकडे निघाले, गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. दोघांनी स्तंभाला वंदन केले. त्या हुतात्म्यांत किनाऱ्यावरच्या गावांतील तरुण होते, हे चालकाने आवर्जून सांगितले.

बोईसर तेथून बारा-तेरा किलोमीटर. एका रेल्वे स्थानकाभोवती कारखाने किती दाट उभे राहू शकतात, याचे ते उदाहरण आहे. औषधे, रसायने, रंगद्रव्ये, पोलाद आणि कापड यांचे शेकडो कारखाने येथे आहेत. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, गुजरात येथून आलेल्या माणसांनी वसाहत भरून गेली आहे. मारवाडी आणि गुजराती जैन व्यापाऱ्यांची दुकानेही रस्तोरस्ती दिसतात. बेळगावच्या व्यापाऱ्याने तीस वर्षांचे पुरवठादार शोधून काढले. कचेरीत चहा नको म्हटल्यावर साखरेचे पाणी आले, आदरातिथ्य झाले, गिरणीचा एक भाग दाखवण्यात आला. रंगांच्या हौदांतून बाहेर येणारे कापड त्यांनी हातात घेऊन पाहिले. पोत ओळखीचा होता. आयुष्यभर अशाच ताग्यांवर त्यांचे घर चालले होते.

बाहेर आल्यावर नाक चुरचुरले. रस्त्यालगतच्या गटारातील पाण्याला रंग होता, आणि तो रंग कोणत्याही पावसाचा नव्हता. “हे पाणी कुठे जाते?” त्यांनी विचारले. चालक थोडा थांबून म्हणाला, “आमच्याकडे, काका.”

त्याने गाडी नवापूरकडे घेतली. वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळाने याच किनाऱ्यावर समुद्रात सोडले जाते. प्रक्रिया पुरेशी होत नाही, खाड्यांतील मासे मरतात आणि किनाऱ्यावरील कुटुंबांची मिळकत जाते, अशी तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संघटना २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेली. न्यायाधिकरणाने कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी ठेवली. चालकाच्या वडिलांची होडी किनाऱ्यावर होती, पण अलीकडे ती क्वचितच पाण्यात जाते. मुलगा म्हणूनच गाडी चालवतो.

येथे व्यापाऱ्याच्या मनात एक पेच उभा राहिला. मासेमारी हा हिंसेचा व्यवसाय, अशी त्यांच्या घरची शिकवण. जाळी रिकामी राहिली, याचे दुःख आपण का मानावे, असा विचार क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेला. काकूंनी तो बोलण्यापूर्वीच ओळखला. “जाळ्यात सापडलेला मासा आणि रंगाच्या पाण्यात गुदमरलेला मासा, दोन्ही जीवच ना?” त्या म्हणाल्या, “पहिल्याचे पाप आपण त्यांच्या खात्यावर मांडतो. दुसऱ्याचे कोणाच्या?”

श्रावकाने कोणता व्यवसाय टाळावा, हे आचार्यांनी फार पूर्वी मोजून सांगितले आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त आणि तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त अशा पंधरा व्यवसायांची गणना केली. त्यांत विषाचा व्यापार आहे आणि तळी-सरोवरे आटवणेही आहे. हेमचंद्राचार्यांनी तर लाखेच्या व्यापाराबरोबर निळीच्या विक्रीचाही समावेश केला आहे. रंग बनवताना पाण्यातील अगणित जीवांचा नाश होतो, हे आठशे वर्षांपूर्वीही दिसत होते. आजचा व्यापारी निळीचा हौद स्वतः ठेवत नाही. तो दूरच्या गावातून रंगवलेला तागा मागवतो आणि हौद बिलावरच्या पत्त्यामागे राहतो. हात कोरडे राहतात, म्हणून मन निश्चिंत असते.

त्यांनी गाडीत बसूनच दशम्या खाल्ल्या. फारसे कोणी बोलले नाही.

तारापूर गाव तेथून जवळ. उंच चिमण्या आणि घुमट दुरूनच दिसतात. भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र येथेच १९६९ साली सुरू झाले. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या त्यात जोडल्या गेल्या. त्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. परवानगीविना आत जाता येत नाही. पाहुण्याने दुरून पाहावे आणि आपल्या घरातील दिवा कोणाच्या अंगणातून येतो, हे लक्षात ठेवावे.

गावाची जुनी ओळख किल्ल्याची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा बाजी भीवराव रेठरेकर येथे पडले. पुढे हे गाव विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकार बंधूंमुळे प्रसिद्धीस आले. त्यांची पेढी निजामाच्या राज्यात इतकी मोठी झाली, की औरंगाबादच्या टांकसाळीतील नाणी ‘पेस्तनशाही’ म्हणून ओळखली गेली. राज्याला दिलेले कर्ज थकले, तारणाचा मुलूख १८४०च्या दशकात काढून घेण्यात आला आणि पेढी बुडाली. सत्तेच्या सावलीत वाढलेले भांडवल किती क्षणभंगुर असते, हे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला सांगावे, अशी ही कथा आहे.

खाडीच्या पलीकडे चिंचणी. फेरीतील शेवटचा थांबा हाच. १९५५ साली येथे काही ताम्रपट सापडले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. तेव्हा येथे राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याची सत्ता होती. आचार्य जिनसेनांचा शिष्य आणि जैन धर्माचा आश्रयदाता म्हणून आपण ज्या अमोघवर्षाचे नाव घेतो, त्याचा हा पणतू. त्याच्या आधीच्या दुसऱ्या कृष्णाने संजाणचा कारभार मधुमती सुगतिप नावाच्या अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चेच संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने एका ब्राह्मणाने उभारलेल्या मठाला जमीन मिळवून दिली, दोन प्रवाहांवर विनामूल्य नावांची सोय केली आणि वाटसरूंना भात, कालवण व तूप फुकट मिळेल असे अन्नसत्र घातले. अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर थांबलेल्या परक्या माणसाला कोणी त्याची जात विचारली नाही, प्रवासाचे भाडे मागितले नाही.

किनाऱ्यावर उभे राहून व्यापाऱ्याने उत्तरेकडे पाहिले. वरोर, वाढवण त्याच दिशेला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे वाढवण बंदराचा शिलान्यास झाला. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचे हे काम, आणि त्याला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा तीव्र विरोध. उद्या जगभरचा माल या किनाऱ्यावर थांबेल आणि पुढे जाईल. त्यात बेळगावचाही माल असेल. मधुमती सुगतिप परदेशातून आलेला होता, तरी त्याने येथे नाव आणि अन्न ठेवले. आज येथून संपत्ती नेणारे आपण येथे काय ठेवत आहोत, हा प्रश्न त्यांना सोडीना.

परतताना गाडी चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागली. पाच वाजण्यापूर्वीच ते महावीर धामात पोहोचले. दर्शन झाले, भोजनशाळेत गरम फुलके, डाळ आणि भात मिळाला. चालकाला काकूंनी आग्रहाने शेजारी बसवले. वाढणाऱ्याने कोण कुठले, हे विचारले नाही. ताटातील भात, डाळ आणि तूप पाहून व्यापाऱ्याला चिंचणीचा ताम्रपट आठवला. ते सत्र बंद पडले होते, पण त्यामागची बुद्धी अजून जिवंत होती.

सूर्य टेकण्यापूर्वी दोघांनी पाणी पिऊन पच्चक्खाण घेतले. मग त्यांनी खिशातील लहान वही काढली. तीस वर्षे त्या वहीत मालाचे भाव, तारखा आणि येणी-देणी उतरली होती. त्यांनी पुरवठादाराला विचारायचा एक प्रश्न लिहिला : आपल्या हौदांचे पाणी कोठे जाते, आणि ते शुद्ध करण्याचा खर्च धरला तर ताग्याचा भाव किती होईल? काकूंनी वाचले आणि म्हणाल्या, “तो भाव परवडेल का, हेही लिहा.”

“लिहितो,” ते म्हणाले, “पण आधी विचारू तर दे.”

सातला दहा मिनिटे असताना मोटार विमानतळासमोर उभी राहिली. ठरलेल्या भाड्यावर काकूंनी चालकाच्या वडिलांसाठी म्हणून कुंद्याचा डबा दिला. रात्री विमानाने समुद्रावर वळण घेतले, तेव्हा उत्तरेचा किनारा अंधारात होता. कोणते दिवे बोईसरचे आणि कोणते तारापूरचे, हे वरून ओळखता येत नव्हते. सकाळी मात्र बिलावरचा तो पत्ता वाचताना आता त्यांना एक होडी आठवणार होती, आणि ती कोरड्या वाळूवर उभी होती.