सारखे आणि समान

सातवीत शिकणाऱ्या नातीने एका संध्याकाळी विचारले, "आजोबा, 'सिमिलर' आणि 'इक्वल' यांत फरक काय?" मी म्हणालो, "एक म्हणजे सारखे, दुसरे म्हणजे समान." तिने लगेच विचारले, "मग सारखे आणि समान यांत फरक काय?" उत्तर सुचेना. शेवटी कपाटातला जुना शब्दकोश काढला.

इंग्रजीतला 'सेम' हा आपल्या 'सम' शब्दाचा दूरचा भाऊबंद निघाला. लॅटिनमधून आलेला 'सिमिलर'ही त्याच कुळातला. 'लाइक' या शब्दाच्या जुन्या रूपात 'देह' हा अर्थ दडला आहे. ज्याचा देह सारखा, तो 'लाइक'. 'इक्वल' मात्र निराळ्या घरचा. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ सपाट, उंचसखल नसलेला. त्याच शब्दाला 'मन' जोडून 'इक्वॅनिमिटी' तयार झाला. तोच आपला समभाव.

मी नातीला म्हणालो, "साम्य रूपात पाहायचे, समानता पायाखालच्या जमिनीत." उदाहरण आपल्या नाशिकचेच दिले. २ मार्च १९३० रोजी पंचवटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहींना कोणासारखे दिसायचे नव्हते. ज्या उंबरठ्यावर इतर उभे राहत, त्याच उंबरठ्यावर त्यांना उभे राहायचे होते. नातीला ते पटले. वही मिटून ती खेळायला गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे सामायिकास बसलो. अठ्ठेचाळीस मिनिटे, म्हणजे दोन घटिका, शत्रुमित्र, लाभहानी, मानापमान यांविषयी सम राहण्याचा हा अभ्यास. 'सम' आणि 'आय' मिळून हा शब्द झाला, असे आपले आचार्य सांगतात. आय म्हणजे प्राप्ती. त्या दिवशी मन ठरेना. कानात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने घुमू लागला. वडिलांच्या शेतीच्या सातबाऱ्यावर एकेकाळी 'सामाईक' असे लिहिलेले होते.

वडील गेले त्या वर्षी धाकट्या बहिणीकडून मी हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. जबरदस्ती केली नाही. तिला जेवायला बोलावले, साडी दिली आणि कागद पुढे ठेवला. १९५६च्या वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत मुलीला वाटा दिला, २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलाच्या बरोबरीने आली, आणि हा कायदा आपणा जैनांनाही लागू आहे. हे सारे मला ठाऊक होते. तरी मी मनाला समजावले की तिचे आणि माझे सारखे नाही. तिचे लग्न थाटात झाले, ती दिल्या घरी सुखी आहे, आईवडिलांचे दुखणेखुपणे मी काढले. यातले एकही कारण खोटे नव्हते. मात्र ती सारी कारणे 'सारखे' या शब्दाची होती. 'समान' या शब्दाला मी उत्तर दिलेच नव्हते.

संवत्सरीला मी दरवर्षी तिला फोन करून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. यंदा पर्युषणाआधीच तिच्या घरी गेलो आणि प्रथमच कशाची क्षमा मागतो आहे ते सांगितले. निम्म्या जमिनीच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलांकडून करून सोबत नेला होता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दादा, जमिनीचं राहू दे रे. त्या दिवशी तू मला विचारलं नाहीस, नुसतं सांगितलंस, ते लागलं होतं."

कागद तिने ठेवून घेतला. पुढे काय करायचे ते ती ठरवील. सामायिकास मी आजही बसतो. मन अजून पुरते सपाट झालेले नाही. पण त्यातला एक चढ कोठे होता, तो आता दिसला आहे.