राजुरीचे ऊन आणि सावलीचा हक्क

कल्याणहून माळशेज घाट चढून आलेली एस.टी. ओतूर, आळेफाटा मागे टाकते, मग राजुरी लागते. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला धो धो पाऊस, तर हा पूर्वेचा पट्टा कोरडा. चैत्र-वैशाखात इथे ऊन नुसते भाजून काढते. त्याच दिवसांत कांदा काढणीची घाई. बायामाणसे डोक्याला फडके बांधून दिवसभर वाफ्यात असतात.

आमच्या थोरल्या वहिनीही पूर्वी असत. आता त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एम.एस. आहे. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवर एक आवरण असते, मोटारीच्या वायरीवर असते तसे. या आजारात शरीराची संरक्षण-यंत्रणाच ते आवरण कुरतडते. अंग अर्ध्या अंशाने तापले तरी अशा नसांतून निरोप नीट जात नाही. पाय जड होतात, डोळ्यांपुढे धूसर होते. विल्हेल्म उथोफ या जर्मन डॉक्टरांनी 1890 साली हे नोंदवून ठेवले. अंग निवले की बहुधा पुन्हा पूर्ववत होते.

हेच लोकांना समजत नाही. सकाळी चालणारी बाई दुपारी भिंत धरते, म्हणून तिला कामचुकार म्हणतात. कोणी देवऋषाकडे न्या म्हणतात. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्याला थारा नाही. हा आजार संसर्गाचा नाही, कोणाच्या करणीचाही नाही.

उन्हाळ्यात अंगणात झोपावे, तर हा बिबट्यांचा मुलूख. उसाला लागून वस्ती, म्हणून रात्री दार लावावेच लागते. पहाटे एकटीने बाहेर पडायचीही सोय नाही. मग आम्ही घरच गार करतो. पत्र्याला चुना मारतो, वर उसाचे पाचट पसरतो. दारात ओले गोणपाट टांगतो. वहिनींच्या मानेवर ओला पंचा असतो. अंघोळ साध्या पाण्याने. कढत पाणी बंद. बधिर कातडीवर बर्फ थेट लावत नाही, कारण तो चावला तरी कळत नाही. लघवीला वारंवार जावे लागते म्हणून त्या पाणी कमी पीत, ते आम्ही बंद केले. माठातले पाणी आणि ताक हाताशी ठेवतो. नवा त्रास एक दिवसाहून जास्त टिकला किंवा ताप आला, तर उन्हावर न ढकलता डॉक्टरांकडे जायचे.

याच तालुक्यात लेण्याद्रीचा डोंगर आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढणे वहिनींना झेपत नाही. त्या पायथ्याच्या सावलीत बसतात. वर भिक्खूंसाठी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जुन्नरच्या शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या उपासकांनी लेण्यांबरोबर पोढीचेही दान दिले. तहानलेल्याला गार पाणी देणे हा त्यांच्या लेखी धम्मच होता. मलमूत्रात पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, ही विनयपिटकातील हकिकतही आपल्याला ठाऊक आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत एम.एस. आहे. तपासणीत पात्र ठरल्यास शासकीय रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळते. ते मागण्यात लाज कसली? 1985 साली स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा पुण्यातही आहे.

आपली भीमजयंती 14 एप्रिलला, बुद्धपौर्णिमा वैशाखात. दोन्ही भर उन्हाळ्यातच. बंधू-भगिनींनो, मिरवणुकीच्या वाटेवर सावलीत चार खुर्च्या मांडा, शेजारी एक माठ ठेवा, कार्यक्रम ऊन उतरल्यावर घ्या. चालता न येणाऱ्या माणसालाही बाबासाहेबांच्या प्रतिमेला फूल वाहायचे असते. जयभीम!