उंबऱ्याबाहेरच्या दोन गोष्टी

आमच्या दादीचे घरासाठी दोनच नियम होते. "घर के अंदर सियासत नक्को, कुत्ता नक्को." पुढाऱ्यांवर भांडायचं असेल तर ओट्यावर जा, कुत्र्याला भाकरी घालायची असेल तर ती पायरीखाली घाल. दादी २०१६ मध्ये गेली. पहिला नियम तिच्या डोळ्यांदेखतच मोडला होता, कारण घरात टीव्ही आला होता. दुसरा मात्र आम्ही शेवटपर्यंत पाळला. आमचा भुऱ्या तेरा वर्षं उंबऱ्याबाहेर राहिला आणि गेल्या ऑगस्टमध्ये तिथेच गेला.

मुसलमानाच्या घरात कुत्रा कसा, असं मला आजही पुष्कळ जण विचारतात. आमच्यातले विचारतात आणि हिंदू मित्रही विचारतात. आमच्या हनफी मसलकात कुत्र्याची लाळ नापाक मानतात. कपड्याला लागली तर तो धुतल्याशिवाय नमाज पढायची नाही. पण शेताच्या राखणीला, जनावरांसाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे. आमची चार एकर जमीन गावाच्या कडेला आहे. सोयाबीन-तुरीत रानडुकरं घुसतात. २०१२ च्या पावसाळ्यात अब्बा शेतातून येताना एक महिन्याभराचं पिल्लू मागे मागे आलं, तेव्हा अब्बांनी हीच मुभा दादीपुढे ठेवली.

दादीने फारसा वाद घातला नाही. ती दर जुम्म्याला सूरह कहफ पढायची. गुहेत झोपी गेलेल्या त्या श्रद्धावान तरुणांची हकीकत त्यात आहे. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्राही आहे, गुहेच्या तोंडाशी पुढचे पाय पसरून बसलेला. भुऱ्याने नेमकी तशीच बैठक धरली. पुढचे दोन पाय पायरीवर, बाकी अंग खाली. दादी म्हणायची, "इसको अपनी जगा मालूम है." त्याचं पत्र्याचं ताट वेगळं होतं आणि पाण्यासाठी फुटक्या माठाचं खापर. नमाजेला निघालेल्या अब्बांच्या अंगाला तो कधी घासला नाही. तेवढ्या पाच वेळा तो दोन पावलं मागे सरायचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

अब्बांची दुसरी आवड राजकारण. ते एस.टी.त वाहक होते. तिकिटं फाडता फाडता अख्ख्या तालुक्याचं राजकारण त्यांच्या कानावर पडायचं. निवृत्त झाल्यावर ते कान रिकामे राहू नयेत म्हणून सकाळी वर्तमानपत्र, दुपारी आकाशवाणी, संध्याकाळी टीव्ही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने त्यांना उसंत दिली नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सकाळी उठून टीव्ही लावला तर शपथविधी उरकलेला. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरतेत, मग गुवाहाटीत. २०२३ च्या जुलैमध्ये दुसरा पक्ष फुटला. प्रत्येक वेळी पडद्यावर दोनच शब्द, निष्ठावंत आणि गद्दार. आणि प्रत्येक वेळी ओट्यावरचं कोणीतरी भुऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "यांच्यापेक्षा हा बरा. भाकरीला जागतो."

सगळे हसायचे. अब्बा हसायचे नाहीत. एकदा ते म्हणाले, "भाकरी टाकली की शेपूट हलवणं जनावराला शोभतं. मतदाराने हलवली तर मुल्काचं वाटोळं होतं." मी शाळेत नागरिकशास्त्राचेही तास घेतले आहेत, पण नागरिक म्हणजे काय हे इतक्या कमी शब्दांत मला सांगता आलेलं नाही.

हे ऐकायला ओट्यावर जे नेहमी असत, त्यांत शेजारचे अण्णा होते. अण्णा आणि अब्बा एकाच शाळेत शिकले. दोघांच्या शेतांना एकच बांध आहे. दोघांचे पक्ष मात्र पहिल्यापासून वेगळे. एक जण सरकारची बाजू घेई तेव्हा दुसरा विरोधी पक्षात. सरकारं बदलली की भूमिका बदलायच्या, चहा तोच राहायचा.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. त्या प्रचारात 'व्होट जिहाद' हा शब्द सभांतून, पडद्यावरून, मोबाइलवरून सारखा येत होता. एका संध्याकाळी अण्णा हसत हसत म्हणाले, "काय मग, यंदा पण सगळे मिळून जिहाद करणार म्हणे तुम्ही?" त्यांनी ते थट्टेत म्हटलं असेल. अब्बा उठले, चपला घातल्या आणि घरी आले. रात्री जेवताना एवढंच बोलले, "सत्त्याहत्तर सालापासून मत देतोय. एकदाही एकाला विचारून दिलं नाही."

त्यानंतर नऊ महिने अब्बा त्या ओट्यावर गेले नाहीत. अण्णाही आमच्याकडे आले नाहीत. ईदला आमच्याकडून शीरखुर्म्याचा डबा गेला, सणाला त्यांच्याकडून फराळ आला, पण ते पोरांच्या हातून. मोठ्यांनी फक्त डबे विसळून परत पाठवले.

जाणं-येणं चालू राहिलं ते एकट्या भुऱ्याचं. सकाळी फजरनंतर तो आमच्या पायरीवरून उठायचा, गल्ली ओलांडून अण्णांच्या दारात जायचा आणि दुधात कुस्करलेली भाकरी खाऊन यायचा. अण्णांची बोलायची लकब मोठी. "आलास का? झोपला का नाही रात्री? पाय का लंगडतोय?" हे आमच्या माजघरापर्यंत ऐकू यायचं. अब्बा वर्तमानपत्र धरून बसलेले असायचे, पण तेवढा वेळ पान उलटल्याचा आवाज येत नसे. भुऱ्याचा पाय लंगडतो हे आम्हाला अण्णांच्या आवाजातूनच कळलं.

जुलैमध्ये त्याचं खाणं सुटलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वय झालंय, मूत्रपिंडं थकली आहेत. सलाइन लावू, चार दिवस बरे जातील, त्यापुढे काही करण्यासारखं नाही. मी शाळेतून आल्यावर त्याला सलाइन लावून बसायचो. मुलगा बाटली धरायचा. आत टीव्ही चालू असायचा.

योगायोग असा की त्याच दिवसांत टीव्हीवरही कुत्रेच होते. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासचे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा रस्त्यावर सोडू नका, असा आदेश दिला. संध्याकाळी दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर ओरडत होते. एका बाजूला चावा घेतलेल्या लेकरांचे फोटो, दुसऱ्या बाजूला पिंजऱ्यात कोंबलेली जनावरं. मुलाने विचारलं, "अब्बू, आपण कोणाच्या बाजूचे?"

मी त्याला माझ्या वर्गातल्या मुलाची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी शाळेच्या वाटेवर त्याला कुत्रा चावला. मीच नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं. पहिल्या दिवशी लस, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. त्याचे वडील हातमजुरी करतात. प्रत्येक खेपेला त्यांचा रोज बुडाला. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस बहुधा वाचत नाही, म्हणून एकही तारीख चुकवायची नव्हती. "त्या मुलाच्या बाजूचा मी आहे," मी म्हणालो, "आणि ह्या भुऱ्याच्याही." मुलाला हे उत्तर आवडलं नाही. टीव्हीवरच्या कोणालाही ते आवडलं नसतं.

मग तो पावसाचा आठवडा आला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातल्या गावांत पाणी शिरलं, माणसं गेली. आमच्याकडेही ओढे भरून वाहत होते. त्या आठवड्यातल्या एका रात्री भुऱ्या गेला. सकाळी अब्बा फजरला उठले तेव्हा पुढचे पाय पायरीवर होते आणि डोळे उघडे. अब्बांनी पोत्याने त्याला झाकलं आणि वजू करायला गेले. नमाज झाल्यावर ते पायरीजवळ स्टूल टाकून बसले. टीव्ही लावला नाही.

नगर परिषदेची गाडी बोलावली असती तर तिने त्याला कचरा डेपोवर नेलं असतं. आमच्या शेताच्या वाटेवर गुडघाभर चिखल होता. काय करावं या विचारात होतो. तेवढ्यात समोरून रोजची हाक आली, "भुऱ्याऽऽ, आज उशीर का?" कोणी उत्तर दिलं नाही. पाच मिनिटांनी अण्णा स्वतः आले. पोत्याकडे पाहिलं. अब्बांकडे पाहिलं. म्हणाले, "माझ्या वाटेवर मुरूम टाकलाय. बैलगाडी जाते. लिंबाखाली जागा आहे."

अण्णांनी टिकाव घेतला, मी खोरं. लिंबाचं ते झाड बरोबर बांधावर आहे, अर्धी मुळं त्यांच्या रानात, अर्धी आमच्या. अण्णांनी येताना दोन किलो खडा मीठ आणलं होतं. जनावर पुरताना मीठ घालतात, हे माझ्या डोक्यातही नव्हतं. अब्बांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. ते छत्री धरून उभे होते, स्वतःवर नाही, खणणाऱ्या अण्णांवर. माती लोटून झाल्यावर दोघं बांधावर बसले. पाऊस, सोयाबीनची मुळं कुजतील का, पंचनामे होतील का, एवढंच बोलणं झालं.

पुढे २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आधीचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे होते तिथेच सोडा, पिसाळलेले आणि आक्रमक मात्र सोडू नका, असं सांगितलं. ७ नोव्हेंबरला पुन्हा नवा आदेश आला. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातले कुत्रे हलवा आणि परत तिथे सोडू नका. आमच्या शाळेत कुंपण आणि फाटक बघायचं काम माझ्याकडे आलं. मी ते करतो. कुंपणाला दोन ठिकाणी भगदाडं होती, ती बुजवून घेतली. डब्यातलं उरलेलं अन्न मैदानात टाकायचं नाही, हे मुलांना सांगितलं. फाटकाबाहेर एक तांबूस कुत्री बसते. तिच्या कानाला शस्त्रक्रियेची खूण आहे. मुलांनी तिला दगड मारायचा नाही, हेही मी त्याच परिपाठात सांगितलं.

याच काळात मी शिक्षक मित्रांना मंटोच्या 'टेटवाल का कुत्ता' या कथेविषयी सांगत होतो. समोरासमोरच्या टेकड्यांवर दोन देशांचे सैनिक मोर्चे धरून बसलेले आहेत. मध्ये एक भटका कुत्रा ये-जा करतो. दोन्हीकडचे त्याला खाऊ घालतात, आपापलं नाव देतात आणि शेवटी दोन्हीकडून गोळ्या चालवतात. मेल्यावर एकीकडचा म्हणतो, बिचारा शहीद झाला; दुसरीकडचा म्हणतो, कुत्र्याच्या मौतीने मेला. कुत्र्याला सरहद्द ठाऊक नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. ऐकून एक सहकारी म्हणाला, "आपल्याकडे तर रायगडावरच्या वाघ्यावरूनही भांडण आहे." खरं आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ते स्मारक काढावं की ठेवावं यावर वाद पुन्हा पेटला होता. इतिहासाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. मला त्यात एवढंच दिसतं की माणसं एकमेकांशी लढायला निघाली की मधला कुत्रासुद्धा कुठल्या तरी बाजूचा करून टाकतात.

भुऱ्याच्या बाबतीत अब्बांनी आणि अण्णांनी ते केलं नाही. नऊ महिने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, पण 'त्यांच्याकडे जाऊ नको' असं दोघांपैकी एकानेही त्याला हटकलं नाही. आज मागे वळून बघताना मला हीच मोठी गोष्ट वाटते. भांडताना एक दार तरी लोटून घ्यायचं राहू द्यावं.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. अण्णांनी त्या शब्दाची माफी मागितली नाही आणि अब्बांनी तो विषय काढला नाही. तो शब्द अजून दोघांच्या मध्ये आहे. डिसेंबरमध्ये नगर परिषदेची निवडणूक झाली तेव्हाही दोघांचे उमेदवार वेगळे होते. २१ तारखेला निकाल लागला, दोघं ओट्यावर बसले होते, पण पूर्वीसारखा आवाज चढत नव्हता. दोघंही शब्द तोलून बोलत होते. मला त्याचं वाईटही वाटलं आणि बरंही. पूर्वीचा मोकळेपणा गेला तो गेलाच. पण तोलून का होईना, बोलणं चालू आहे.

मुलगा परवा म्हणाला की आता दुसरं पिल्लू आणूया. अब्बा म्हणाले, सध्या नक्को. मात्र रोज सकाळी फजर पढून ते गल्ली ओलांडून अण्णांकडे जातात. वर्तमानपत्र वाचायला जातो म्हणतात. तेच वर्तमानपत्र आमच्याकडेही येतं.