बालाघाटात वाळवंटी गिटार

वीकएण्ड म्हटलं की आपली गाडी आपोआप लोणावळ्याकडे वळते. या वेळी म्हटलं, जरा उलटं करून बघू. दिवाळी नुकतीच संपली होती. पुण्याहून भल्या पहाटे निघालो ते थेट बीड जिल्ह्याकडे. ‘बीडला? आणि फिरायला?’ ऑफिसमधल्या प्रत्येकाचा हाच प्रश्न. प्लॅन साधा होता: मोकळा रस्ता आणि फोनमध्ये भरून घेतलेले सायकेडेलिक गिटारचे तीन अल्बम, तिन्ही २०२४-२५ मधले.

अहिल्यानगर सोडलं की रस्ता गंमत करतो. कडा-आष्टीला बीड जिल्हा लागतो, जामखेडला संपतो आणि सौताड्याला पुन्हा सुरू होतो. सौताड्याला विंचरणा नदी एकदम खोल दरीत उडी घेते. खाली रामेश्वराचं देऊळ. इथे लावला टेक्सासच्या ख्रुआंगबिन या त्रिकुटाचा ‘अ ला साला’ (एप्रिल २०२४). शब्द कमी, गिटार निवांत, सूर पाण्यात सोडल्यासारखे तरंगत जाणारे. दरीच्या काठावर बसून ऐकायला एकदम सही!

पाटोद्यापासून पुढे मूड बदलला, कारण अल्बमही बदलला. नायजरच्या म्डू मोक्तारचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ (मे २०२४). हा तुआरेग गिटारिस्ट डावखुरा आहे. पहिली गिटार त्याने घरीच बनवली. लाकूड कुठलंसं आणि तारा सायकलच्या ब्रेकच्या! आता तीच बोटं इतकी सुसाट धावतात की लोक त्याला वाळवंटातला हेंड्रिक्स म्हणतात. आवाज वाढवला, अॅक्सिलरेटर दाबला आणि समोर ट्रॅक्टर आला.

एक नाही, ओळीने चार. ट्रॉलीत पत्रे, चुलीची लाकडं, भांडी, शेळ्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. कडेवर पोरं. ऊसतोडीची टोळी निघाली होती. दसरा-दिवाळी झाली की लाखो माणसं या जिल्ह्यातून अशीच बाहेर पडतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून आधीच घेतलेली ‘उचल’ फेडायची, ती पाच-सहा महिने ऊस तोडून.

आणि माझ्या कानात कोण गात होतं? या वाळवंटी गिटारचा जन्मच स्थलांतरातला. साठीच्या दशकाच्या शेवटी सहाराच्या काठावर पाऊस हटला, तो सत्तरीतही रुसलेलाच राहिला. आपल्याकडे आजी ज्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणते, तो याच काळातला. गुरं मेली, तुआरेग पोरं कामासाठी अल्जीरिया-लिबियाकडे निघाली. त्यांच्यातूनच १९७९च्या सुमारास तिनारिवेन हा बँड उभा राहिला. या संगीताचं नावच फ्रेंचमधल्या ‘बेरोजगार’ या शब्दावरून पडलंय. आपण ज्याला ‘ट्रिपी’ म्हणतो, ती घराची ओढ आहे, बॉस! मी गाणं बंद केलं नाही, पण आवाज मात्र कमी केला.

मुक्काम अंबाजोगाईला. योगेश्वरीचं दर्शन घेतलं (कोकणस्थ मंडळी, तुमची कुलदेवता!), मग हत्तीखान्यात गेलो. कातळात कोरलेली शिवलेणी, अंगणात दगडी हत्ती. थंडगार सावलीत तिसरा अल्बम लावला, मोक्तारचाच ‘टियर्स ऑफ इन्जस्टिस’ (फेब्रुवारी २०२५). गाणी तीच, फक्त विजेची गिटार बाजूला ठेवलेली. जुलै २०२३मध्ये नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा बँड अमेरिकेत दौऱ्यावर होता. परतीची वाट बंद. मग ब्रुकलिनच्या स्टुडिओत ही गाणी पुन्हा वाजवली गेली. पहिल्या अल्बममध्ये राग आहे, यात त्या रागाखालचं रडू. दोन्ही पाठोपाठ ऐकाच.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. शेजारी एक टोळी ट्रकची वाट बघत बसलेली. विशीतला एक जण माझ्या हेडफोनकडे बघत होता. दिला.

‘ढोलकी कुटंय ह्याच्यात?’ पहिला प्रश्न.

‘नाही. नुसती गिटार.’

त्याने मान हलवली, पण हेडफोन काढला नाही. पाच मिनिटं झाली. ट्रकवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा कुठे परत केला.

‘पाटवा की. फडावर सा महिने तीच तीच गाणी.’

ब्लूटूथ चालू केलं. म्डू मोक्तारची सुरुवातीची गाणीही सहारात अशीच पसरली होती, मेमरी कार्डांवरून, एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये. इथे दोन गाणी गेली, तिसरं निम्म्यावर अडकलं. ट्रक सुटला होता.

कधी जाल? सौताड्याला पाणी हवं असेल तर पावसाळा किंवा तो सरता सरता. गाडी नसेल तर १७ सप्टेंबर २०२५पासून अहिल्यानगरहून बीडला रेल्वेही सुरू झाली आहे. हेडफोन घ्या. मध्येमध्ये काढायलाही विसरू नका.