काखेतली दोन बोटं

"काका, इथे माझी दोन बोटं मावली पाहिजेत," असं म्हणत फिजिओथेरपिस्ट मुलीनं माझी काख आणि कुबडीचा माथा यांच्यामध्ये बोटं आडवी घालून दाखवली. "भार काखेवर नाही घ्यायचा. मुठीवर घ्यायचा. काखेतून हाताची नस जाते, ती दाबली गेली की मनगट लुळं पडतं."

श्रावणात सोसायटीच्या जिन्याखालच्या शेवाळावरून घसरून माझा डावा घोटा मोडला होता. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. आत पट्टी आणि सहा स्क्रू, बाहेर प्लास्टर, आणि दीड महिना पाय टेकवायचा नाही. रुग्णसाहित्य केंद्रातून पाचशे रुपये अनामत ठेवून ॲल्युमिनियमच्या दोन कुबड्या आणल्या होत्या. भोकं आणि खटके असलेल्या, हव्या तेवढ्या लांब-आखूड होणाऱ्या. ती मुलगी भोकं मोजून खटके बसवत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर आबांचं मनगट आलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा उजवा पंजा मनगटापासून खाली लोंबायचा. चहाची बशी ते डाव्या हातानं धरायचे. गावात सगळे म्हणत, वारं गेलं. आम्हीही तेच म्हणत आलो. पन्नास वर्षं उलटल्यावर पुण्यातल्या एका पंचविशीतल्या मुलीनं सहज सांगून टाकलं, की ते वारं नव्हतं. ती कुबडी होती.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आमचं गाव बार्शी तालुक्यात. त्या दुष्काळाची माझी आठवण मुख्यतः तोंडातली आहे. रेशनवर मिळणाऱ्या मिलोची तांबूस भाकरी, घशाखाली न उतरणारी. आणि सुकडी, गोडसर, टाळ्याला चिकटणारी. मिलो अमेरिकेतून येते हे आम्हा पोरांना ठाऊक होतं, आणि अमेरिकेतली पोरं हे कसं खातात याचं आश्चर्य वाटायचं. ती पोरं ते खात नसत, हे बऱ्याच उशिरा कळलं.

चार एकराचे धनी असलेले आबा त्या वर्षी सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. एक दिवस वरच्या अंगाचा धोंडा निसटला आणि गुडघ्याखाली नडगीवर आला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड सांधलं, पण वाकडं. मस्टरवर त्यांची हजेरी त्या शनिवारपर्यंत लागली होती. तेवढा पगार मुकादमानं घरी आणून दिला आणि आजीच्या हातचं पाणी पिऊन तो गेला. भरपाई वगैरे शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता. सुतारानं बाभळीची एक कुबडी करून दिली, अंदाजानं. माप घ्यायला आबांना उभं राहता कुठं येत होतं?

आबांना त्या कामाचा मात्र अभिमान होता. "सरकारचं फुकाट कायबी खाल्लं न्हाय," म्हणायचे, "दगूड फोडून खाल्लंय." सुकडीच्या रांगेत ते कधी उभे राहिले नाहीत. आजी राहायची. घरात सुकडी यायची, आम्ही खायचो, आबाही खायचे. फक्त ती कुठून आली हे विचारायचे नाहीत. बाईमाणसानं रांगेत उभं राहायचं आणि बाप्यानं मान ताठ ठेवायची, अशी ती वाटणी होती. तेव्हा ती मला दिसली नाही. खरं सांगायचं तर आत्ता आत्तापर्यंत दिसली नव्हती.

दुष्काळ सरला. मागेल त्याला काम हा विचार वि. स. पागे यांनी लावून धरला होता. 1977 मध्ये त्याचा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. पैसा उभा करायला 1975 मध्येच व्यवसाय कर आला होता. ही माहिती मला पुस्तकातून नाही, पगाराच्या चिठ्ठीतून मिळाली. 1986 मध्ये बँकेत लागलो तेव्हा चिठ्ठीतल्या एका कपातीबद्दल मी विचारलं, आणि शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ कारकून हसून म्हणाले, "ते रोजगार हमीवाल्यांचं. आपण भरायचं, त्यांनी झाडाखाली बसायचं." मीही हसलो. पुढे ती कपात महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 झाली, आणि दर फेब्रुवारीत आमच्या शाखेत तोच विनोद व्हायचा. नोकरीच्या पहिल्या चार-पाच वर्षांतच तो मी स्वतः नवीन मुलांना सांगू लागलो होतो. तेव्हा आबा गावाकडे ओसरीवर बसून डाव्या हातानं चहा पीत असत. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्या नाहीत.

पाय मोडला की माणसं बघायला येतात. शहाळी येतात, नाचणीसत्त्व येतं, कुणाच्या मेव्हण्याचा पाय कसा चुकीचा जुळला याची हकीगत येते. पहिली दहा मिनिटं घोट्याची. मग समोरचा टीव्ही. आणि टीव्हीवरून गाडी लाडकी बहीण योजनेवर आली की पाय बिचारा स्टुलावर एकटाच उरतो.

सगळ्यात रंगले ते आमचे एक जुने साहेब. वय शहात्तर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीला तिकीट पडत नाही, म्हणून सोलापूरहून मुद्दाम मला भेटायला आले आणि दीड तास फुकटेपणावर बोलले. महिन्याला 1500 रुपये बायकांच्या खात्यात. पाच-पाच किलो धान्य फुकट. कामाला माणूस म्हणून मिळत नाही. मी म्हटलं, "साहेब, तुमचं एसटीचं?"

"ते वेगळं. आम्ही जन्मभर टॅक्स भरलाय."

यावर मी काय बोलणार? माझ्या घोट्यातल्या स्क्रूंचं बिल विम्यानं भरलं होतं, आणि दर महिन्याला पेन्शन जमा होत होती. ते मला वेगळंच वाटत होतं. स्वतःचं सगळ्यांनाच वेगळं वाटतं. बोलण्याच्या ओघात मी त्यांना काखेतल्या नसेची आणि आबांच्या मनगटाची गोष्ट सांगितली. साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघ! मी हेच तर म्हणतोय. कुबडीनंच माणूस अधू होतो!"

स्वयंपाकघरात कपबशा जरा जोरात आपटल्या.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी साहेब गेल्यावर बाहेर आल्या. त्यांच्या मालकांचा पाय पाच वर्षांपूर्वी परांचीवरून पडून मोडला होता. प्लास्टर सरकारी दवाखान्यात झालं. कुबडी आणायला अनामतीचे पैसे नव्हते, म्हणून ते तीन महिने छत्री टेकत आणि भिंत धरत चालले. "पंधराशेचं म्हणाल तर काका," मावशी म्हणाल्या, "पाचशे भिशीत टाकते, बाकी गॅसला. तेवढ्यात मी घरी बसले का? तुमच्या पोळ्या कोण लाटतंय?" मग केर काढताना, कुबड्या उचलून कोपऱ्यात ठेवता ठेवता, "ह्या परत देणार तेव्हा कुठनं आणल्या ते सांगून ठेवा."

साहेबांचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. कारण एका परीनं ते खरं होतं: आबांचा हात कुबडीनंच गेला. पण ह्याच वस्तूवर मी दीड महिना हिंडत होतो आणि माझी बोटं शाबूत होती. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हेही शिकलो होतो. पुढे वजनकाट्यावर पाय ठेवून आज दहा किलो, परवा वीस, असा भार टाकायला लागलो. प्रत्येक टप्प्याला कुणीतरी मोजत होतं. आबांच्या वेळी कुणी मोजलं नाही. पन्नास वर्षं गावानं वाऱ्याला बोल लावला, आता साहेब कुबडीला लावत होते. सुताराचा अंदाज चुकला असेल हे कुणाच्या मनात आलं नाही.

दिवाळीला काठी टेकत गावी गेलो. आबांना जाऊन चौतीस वर्षं झाली. कुबडी गोठ्याच्या दाराला आतून टेकू म्हणून लावलेली होती. धाकट्या भावाला वाटलं, मला ती आठवण म्हणून हवी आहे. मी ती काखेत घेतली. माथा थेट मांसात रुतला. आबा माझ्याहून चांगले चार बोटं बुटके होते.

माथ्याला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. काख दुखते म्हणून आबा कुरकुरायचे आणि आजी दर पाडव्याला जुन्या लुगड्याची नवी पट्टी वर चढवायची, हे मला आठवत होतं. ओसरीवर बसून मी त्या उकलू लागलो. हिरवी, मग चॉकलेटी, मग इरकलीचा काठ, मग रंग गेलेली, तेलानं चामड्यासारखी कडक झालेली. भाऊ म्हणाला, "काय करतोस? राहू दे की, आजीच्या हातच्या आहेत." वर्षावर्षानं चढलेली ती मऊ जाडी माझ्या मांडीवर पडत गेली. खाली लाकूड लागलं, तेव्हा उठून मी कुबडी पुन्हा काखेत धरली आणि भावाला म्हटलं, बोटं घालून बघ.

दोन मावली. मला.