फर्स्ट शिफ्टआधीचा अध्याय

आमच्या घरातल्या पवित्र शास्त्राला खाकी अभ्रा होता. अण्णांच्या युनिफॉर्मची पँट गुडघ्यात विरली की आई तिचा शाबूत भाग कापून ठेवी. त्यातून आधी भाजीची पिशवी, मग उपासना संगीत या भजनांच्या पुस्तकाला कव्हर, आणि सगळ्यात धड तुकड्याचा पवित्र शास्त्राला अभ्रा. तुमच्याकडेही असेलच. वाशीच्या जेएन टाइपच्या घरात किंवा नेरूळच्या एनएलमध्ये, कंपनीप्रमाणे निळा नाहीतर राखाडी. आणि आतल्या कोऱ्या पानावर तारखा. थोरलीचा जन्म, तिचा बाप्तिस्मा, धाकट्याचा जन्म, अण्णा पर्मनंट झाले तो दिवस, आजी प्रभूकडे गेली तो दिवस, सिडकोच्या घराचा ताबा मिळाला तो दिवस. सगळं एकाच शाईच्या पेनाने, एकाखाली एक. बाप्तिस्म्याच्या ओळीखाली पर्मनंटची ओळ आली म्हणून कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आम्ही नगरचे, सोलापूरचे, जालन्याचे, मिरजेचे. १९७० साली सिडको स्थापन झाली, त्याच वर्षी नागपुरात निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, पण आमच्या घरांत दोन्हींची पत्रं एकाच ट्रंकेत असत. बाप्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात लागले: नोसिल, हर्डिलिया, स्टँडर्ड अल्कली, नाहीतर रबाळे-महाप्याचे लहान कारखाने. बाया नर्स किंवा शिक्षिका. नगरच्या बूथ हॉस्पिटलात किंवा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकून आलेल्या, कडक इस्त्रीच्या, इंजेक्शन देताना मुलाशी गप्पा मारणाऱ्या. सेक्टरमध्ये कुणाला रात्री ताप चढला की दार आमचं वाजे. आई गाऊनवर ओढणी घेऊन निघे. परत आल्यावर आजी एवढंच विचारी, "उतरला का गं?" आणि उतरला नसेल तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाचं नाव प्रार्थनेत येई. त्या घरच्यांना ते माहीतही नसे.

प्रार्थना पहाटे पाचला. फर्स्ट शिफ्टची बस गाठायची, म्हणून अध्याय लहान निवडलेला. अण्णा वाचत, आई तव्यापाशी उभ्याने ऐके आणि पोळी उलटण्यापुरती मान वळवी. आम्ही अंथरुणात बसल्या बसल्या डोळे मिटायचो, खरं म्हणजे उघडायचोच नाही. आजी प्रार्थनेला लागली की मात्र खैर नसे. ती आदामापासून सुरू करी. गावाकडची विहीर, पाळकसाहेबांचा गुडघा, कंपनीतला मोठा साहेब, त्या साहेबाला सुबुद्धी, एवढं होईपर्यंत बस दिघ्याला पोचायची. मग अण्णा मध्येच जोरात आमेन म्हणत. आजी एक डोळा उघडून बघे आणि उरलेलं मनात पुरं करी. आम्ही काही फार सोवळे ख्रिस्ती नव्हतो, हे सांगितलेलं बरं. भक्ती होती, पण ती पंचिंग कार्डाच्या आत बसवलेली.

बुधवारी घरसभा. आज यांच्याकडे, पुढच्या बुधवारी त्यांच्याकडे. चटया, पेटी, डिमडी, आणि पलंगाखाली सरकवलेला सगळा पसारा. आमची भजनं रेव्हरंड ना. वा. टिळकांची. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेला हा माणूस अभंग आणि ओव्या लिहून गेला, म्हणून भिंतीपलीकडच्या साताऱ्याच्या वारकरी काकांना पहिले काही महिने आम्ही भजनी मंडळच वाटलो. नंतर कळलं, तरी ते टाळ घेऊन यायचेच. ठेका आमच्यापेक्षा त्यांचा पक्का. भजन झालं की प्रार्थनेचे विषय. त्यात काय काय निघे! सिडकोची सोडत. दहावीचं गणित. टाळेबंदी. हातपाय न हलवणारा जावई. वरच्या टाकीला पाणी न चढणं. पाळकसाहेब वहीत उतरून घेत आणि एकेक विषय देवापुढे मांडत. चहा येईपर्यंत निम्म्या विषयांची सोय तिथल्या तिथे लागलेली असे. कुणाच्या प्लँटमध्ये हेल्पर हवे असत, कुणी पतपेढीच्या कर्जाला जामीन राही, कुणी गणित शिकवायला घेई. देवाने ऐकलं असंच आम्ही म्हणायचो, आणि अजूनही तसंच म्हणतो.

पहिला पगार मात्र कुणाच्या बापाचा नसे. नोकरीला लागलेला मुलगा पाकीट न फोडता घरी आणी, पुढच्या उपासनेत ते प्रथमफळ म्हणून मेजावर ठेवलं जाई. आईने आतला आकडा आधीच काढून, दूध आणि किराण्याचं महिनाभराचं गणित जुळवून ठेवलेलं असे. हू की चू नाही.

गुड फ्रायडेला बारा ते तीन ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. पण प्लँट काही बंद होत नसे. चौथा उद्गार संपत आला की मागच्या बाकांवरून डब्यांच्या पिशव्या हलकेच उचलल्या जात आणि सेकंड शिफ्टवाले चपला हातात घेऊन बाहेर. कित्येकांनी पाचवा, सहावा, सातवा उद्गार वर्षानुवर्षं ऐकलाच नाही. बायका घरी येऊन सांगत तेवढाच.

आणि हंगामाचा सण! गावाकडे कणसं, कोंबड्या, अंडी, भेल्या यायच्या. इथे शेत कुठलं? पण मंडळी अडली नाही. मार्केटातले हमाल-मापाडी कांद्याची गोण आणत. नर्सबाया रात्रपाळीत विणलेले स्वेटर आणत. एका फिटरकाकांनी भंगाराच्या पट्ट्या वेल्ड करून भांड्यांचं स्टँड आणलं, हिरवा ऑइलपेंट अजून ओला. लिलाव पुकारायला आवाजाचा माणूस लागे. एक लाल भोपळा तिघांनी घेतला, तिघांनी परत ठेवला, पुन्हा पुकारला. शेवटी तो पाळकीणबाईंकडे गेला आणि त्याच्या घाऱ्या सगळ्यांनी खाल्ल्या. ते हिरवं स्टँड आमच्याकडे आलं आणि अजून स्वयंपाकघरात आहे.

शेजारणींची दिवाळीची ताटं रिकामी परत करायची नाहीत म्हणून ती नाताळपर्यंत आमच्याकडे मुक्कामाला असत. मग करंज्या-चकल्या भरून घरोघर. रात्री गाणी म्हणत फिरायला जो टेम्पो मिळे, त्यात दिवसा बटाटा वाहिलेला असे. नवे कपडे घालून आम्ही त्या मातीत बसायचो.

९ मे १९९२ ला मानखुर्दहून रेल्वे वाशीला आली आणि अण्णांच्या पिढीची पहाट बदलली. काही कारखाने पुढे मिटले, काचेच्या कचेऱ्या आल्या. आता आमची मुलं रात्रीच्या कॉलवर असतात. त्यांच्या वेळापत्रकात पाच वाजता झोपायचं असतं. ती प्रार्थना करत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण साहेबाच्या सुबुद्धीसाठी घरभराने आमेन म्हणणं बंद झालं, आणि ते काही बरं झालं नाही.

एक काम मात्र लगेच करण्याजोगं आहे. उपासना संगीतात शब्द छापलेले आहेत, पण चाल म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे. नगरची वेगळी, सोलापूरची वेगळी. घरात सत्तरीपुढचं कुणी असेल तर या रविवारी त्यांना समोर बसवा आणि फोनवर त्यांची भजनं भरून घ्या. पेटी नसली तरी चालेल, मध्येच खोकला आला तरी चालेल.