काशीची बूटी, टोरांटोची गमी

काशीच्या ब्रह्माघाटावरच्या मराठी घरांत आमच्या लहानपणी भांगेचं कुणाला अप्रूप नव्हतं. सरकारी परवान्याच्या दुकानातून हिरवा गोळा यायचा. उन्हाळ्यात संध्याकाळी काका बूटी, म्हणजे भांग, वाटायला बसत. बदाम, बडीशेप, मिरी घालून ठंडाई गाळत. आम्हा मुलांना बिनभांगेची. कुणाला किती द्यायची ते काका ठरवत, आणि त्यांनी "पुरे" म्हटलं की वाद संपला. उरलेला गोळा काकू कुलपात टाकत.

ही पद्धत सरकारलाही अमान्य नव्हती. ब्रिटिशांनी नेमलेल्या आयोगानं १८९३-९४ मध्ये देशभर साक्षी घेऊन भांग-गांजावर सरसकट बंदी नको, कर आणि परवाने लावून आळा घाला, असा सल्ला दिला होता. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गांजा-चरस बंद केले, पण पानांची भांग वगळली. म्हणून काशीतली दुकानं टिकली.

आता मी टोरांटोत राहतो. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात गांजा कायदेशीर आहे आणि काकांचं काम कायदा करतो. ओंटारियोत १९ वर्षांखालच्यांना विक्री नाही. बाहेर फिरताना ३० ग्रॅमपर्यंतच जवळ ठेवायचा. साध्या पाकिटावर लाल अष्टकोनी चिन्ह आणि इशारा; मुलांना सहज उघडू नये असं झाकण. गांजा घातलेल्या खाण्याच्या एका पाकिटात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, १० मिलिग्रॅमपर्यंतच.

त्या ठंडाईची सर इथल्या गमीला, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळीला, नाही. पण काकांचा सगळा कारभार अंदाजानं चाले. पोटातून घेतलेली भांग चढायला दोन-दोन तास लागू शकतात. तेवढ्यात "काहीच होत नाही" म्हणत दुसरा पेला रिचवणारे पाहुणे मग रात्रभर हसत नाहीतर रडत बसत. तीही नुसती पानं. आज इथल्या दुकानातल्या फुलांत २० टक्क्यांहून जास्त टीएचसी सर्रास असतं. त्याला घरच्या वडीलधाऱ्यांचा धाक पुरायचा नाही.

मात्रा छापूनही सगळं साधत नाही. गमी-चॉकलेटं विकू देणाऱ्या ओंटारियोसारख्या प्रांतांत, गांजा पोटात गेल्यानं इस्पितळात दाखल झालेल्या लहान मुलांचं प्रमाण क्वेबेकपेक्षा जास्त वाढलं. क्वेबेकमध्ये वयाची अट २१, दुकानं सरकारी, आणि मुलांना भुलवणाऱ्या गोड पदार्थांना मनाई. ओंटारियोनं यातलं निदान शेवटचं तरी उचलावं. गांजा परवान्यानं विकावा, मोजून विकावा. मुलांच्या खाऊच्या रूपात मात्र विकू नये.